लांब काय?

शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. बोर्ली पंचतनच्या नाक्यावर परेश शिगवण रिक्षाच्या काचेवरचं दव फडक्यानं पुसतो आहे. जानेवारी संपत आला आहे. परेशच्या गळ्याला मफलरचे दोन वेढे आहेत. ते थंडीसाठी नाहीत, आवाजासाठी आहेत.

पिशवी घेतलेली एक बाई मागच्या सीटवर येऊन बसते. परेश मान वळवून विचारतो, "लांब काय?"

"न्हाय रं. वडवली."

रिक्षा सुटते. निघालेल्या माणसाला 'कुठं?' असं विचारायचं नाही, विचारलं तर त्याचं काम होत नाही, ही समजूत या भागात अजून पक्की आहे. विचारायचंच असेल तर 'लांब काय?' एवढंच विचारायचं, पुढचं तो माणूस आपण होऊन सांगतो. चुकून कुणी 'कुठं' म्हणालाच, तर निघालेल्यानं परत यायचं, घटकाभर बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि नव्यानं निघायचं. रिक्षा चालवणाऱ्याला हा नियम अडचणीचा आहे, पण परेश तो पाळतो. पर्यटकांना हे माहीत नसतं. त्यांना 'लांब काय?' विचारलं, की ते मोबाईल काढून किलोमीटर सांगतात.

परेश त्रेचाळीस वर्षांचा आहे. तो सकाळी रिक्षा चालवतो, पावसाळ्यात घरची भातशेती करतो आणि दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत लोकांना हसवतो. या तिसऱ्या कामात त्याचं नाव परेश शिगवण नसतं. फलकावर 'पऱ्या मालवणकर' असं लिहिलेलं असतं. मालवण त्यानं दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा प्रयोगासाठी.

हे नाव त्याला मुंबईत मिळालं. विशीत तो लालबागला एका कँटीनमध्ये कामाला होता. गल्ल्यावर कुडाळचे एक गृहस्थ बसत. त्यांची नक्कल करता करता मालवणी त्याच्या तोंडात बसली. पुढे एका वाद्यवृंदाला दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगणारा हवा होता. मालकानं विचारलं, "कोकणातला ना तू? मग मालवणी बोल." आमच्या श्रीवर्धनकडे कुणी मालवणी बोलत नाही, असं परेशनं सांगून पाहिलं. मालक म्हणाला, "ऐकणाऱ्याला कुठं कळतंय?" मालकाचं बरोबर होतं. मुंबईच्या, ठाण्याच्या आणि पुण्याच्या प्रेक्षकांना ते कळलं नाही. ते वीस वर्षं हसत राहिले. एखाद्या प्रयोगानंतर सिंधुदुर्गातला कुणी कौतुकानं भेटायला येई, "गाव खंयचा?" म्हणून विचारी, आणि उत्तर ऐकल्यावर त्याचं हसू थोडं कमी होई. तेवढाच त्रास.

दिवेआगरच्या किनारा कला महोत्सवात मात्र हिशेब चुकला. महोत्सव दहा दिवसांचा, मांडव सुरूच्या झाडांच्या अलीकडे. परेशचं काम दोन कार्यक्रमांच्या मधलं. मंचावरची बैठक, तबले आणि माईक बदलून होईपर्यंत लोकांना जागेवर बसवून ठेवायचं. पहिल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे होते. ते हसले. सोमवारपासून समोर आसपासच्या गावांतली माणसं बसू लागली आणि मांडव शांत झाला. कुणी उठून गेलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. परगावच्या पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसं लोकांनी परेशचं ऐकून घेतलं.

आज नववा दिवस. रोज तीन-चार वेळा मंचावर उभं राहून परेशचे किस्से संपले आहेत. आवाज सकाळी पाच-सहा शब्दांपर्यंत साथ देतो आणि नंतर फाटतो. दुपारी जेवताना तो बोलतच नाही. त्याची बायको साक्षी त्याला असेच प्रश्न विचारते, ज्यांचं उत्तर मानेनं देता येईल.

साडेअकराच्या सुमाराला तो दिवेआगरला गिऱ्हाईक सोडून मांडवात डोकावला, तेव्हा गौरीनं त्याला हाक मारली. गौरी महोत्सवाची व्यवस्थापक आहे. दिवेआगरच्याच बागायतदार घरातली. घरी नारळ-सुपारी, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि कॉलेजातली नोकरी एवढं सांभाळून ती हे काम करते.

"परेशदादा, बसा जरा."

"बसलो की उठायला जड जातं. बोला, गौरीताई."

"उद्या समारोप. सगळी गावं येणार."

"त्याचीच तर वाट बघतोय."

गौरीनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "समितीचं म्हणणं आहे, उद्या मधल्या वेळेत ढोल-ताशा ठेवावा."

"आणि मी?"

"तुम्ही विश्रांती घ्या. मानधन पूर्ण मिळेल."

"विश्रांतीचं मानधन घ्यायला मी काय अध्यक्ष आहे?"

गौरीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मी अडवून धरलंय. आजचा दिवस बघू, असं सांगितलंय त्यांना. आज लोक हसले तर उद्या तुम्ही. नाहीतर ढोल."

"ढोलाला कुणी हसत नाही, ताई."

"ढोलासमोर कुणी गप्पही बसत नाही, दादा."

परेशनं पालीपासून पनवेलपर्यंत प्रयोग केले आहेत. आपल्या वाडीची माणसं समोर बसलेली असताना मात्र त्यानं एकदाही प्रयोग केलेला नाही. वाडीवर यात्रेला नाटक होई, पण तेव्हा तो मुंबईला असल्यानं त्यात कधी नव्हता. पुढे तो गावी परतल्यावरही त्याला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. समारोपाला वाडी येणार होती, आसपासच्या दहा-बारा गावांबरोबर, टेम्पो करून. ढोल ठरला तर ती ढोल ऐकून परत जाणार होती, आणि पुढच्या वर्षी 'पऱ्या मालवणकर'ला महोत्सवात बोलवायचं कारण उरणार नव्हतं.

वाडीतली तीन माणसं मात्र शनिवारीच निघाली. परेशची आई सोनाबाई यांना रविवारची गर्दी नको होती. त्यांच्याबरोबर शेजारच्या नीराबाई निघाल्या आणि ऐंशी ओलांडलेले रावजीआबा. संध्याकाळी पाचला परेशनं तिघांना रिक्षात घेतलं. सोनाबाईंनी नातीच्या फोनवर त्याचा एक प्रयोग पाहिला होता, आणि रिक्षा डांबरी रस्त्याला लागताच त्यांनी तो विषय काढला.

"त्या फोनमंदी बोलतो त्यो कोन रं?"

"मीच की, आये."

"तू न्हाय त्यो. त्यो कुनाचा तरी झील हाय. माझा ल्योक असा बोलत न्हाय."

झील म्हणजे मुलगा, हा मालवणी शब्द सोनाबाईंनी त्याच फोनवर ऐकला होता. नीराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. रावजीआबांना कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "मासली आज महाग व्हती." परेशनं मफलरचा वेढा घट्ट केला.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या मधल्या वेळेत परेशनं पेट्रोलपंपाचा किस्सा सांगितला. दोन टाळ्या पडल्या, त्यातली एक ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या स्वप्निलची होती. स्वप्निल हा किस्सा नऊ दिवस ऐकत होता. त्याची टाळी सहानुभूतीची होती आणि परेशला ती तशीच पोचली.

त्यानंतर पुण्याच्या मुलींचं कथक झालं. मुली वाकून आत गेल्या आणि परेश दुसऱ्यांदा मंचावर आला. पुढचा कार्यक्रम म्हसळ्याच्या पथकाचा बाल्या नाच होता. परेशनं 'मुंबईचा चाकरमानी गावाला येतो' ही नक्कल सुरू केली. "गाववाल्यानू, मी मुंबयसून इलंय," असं तो म्हणाला आणि मांडवानं ते ऐकून घेतलं. तेवढ्यात विंगेतून गौरीनं दोन्ही हात ताणून दाखवले. वेळ वाढवा. पथकाचा टेम्पो घाटात बंद पडला होता. स्वप्निलनं बोटांनी खूण केली, अर्धा तास.

परेशकडे पाच मिनिटांचा मजकूर उरला होता आणि त्याहून कमी आवाज.

अशा वेळी तिसऱ्या रांगेतले रावजीआबा काठी घेऊन उठले आणि खुर्च्यांच्या मधून बाहेर पडू लागले. उठणाऱ्या माणसाला टोकायचं, हा मंचावरचा जुना आधार. परेश अजून चाकरमान्याच्या सोंगात होता.

"काय हो आजोबानू, खंय चाललात?"

माईकचा आवाज मोठा होता, त्यामुळे हे रावजीआबांनाही ऐकू गेलं. खंय म्हणजे कुठं, हे त्यांना कळलं. ते थांबले. काठी टेकून मागे वळले आणि आपल्या खुर्चीत परत येऊन बसले.

पहिल्या दोन रांगांतल्या पाहुण्यांना काय झालं ते समजलं नाही. मागच्या सगळ्या रांगांना समजलं. तिकडून एका बाईचा आवाज आला, "इचारलान बघ. आता बसला म्हातारा." नीराबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून रावजीआबांच्या हातात दिली. ते शांतपणे पाणी प्याले.

परेशचा हात माईकवर होता. त्याच्या तोंडून जे निघालं ते ठरवलेलं नव्हतं आणि मालवणीही नव्हतं.

"आबा, चुकलो. सकाळपास्नं गळा बसलाय, आता अक्कल पन बसली. घटकाभर बसा, मंग निंगा. मी इचारनार न्हाय."

मागे थोडं हसू फुटलं. सोमवारपासून त्या बाजूनं आलेलं ते पहिलं हसू होतं. परेशनं त्याच्यावर लगेच दुसरा विनोद टाकला नाही. टाकायला नव्हताच. तो रावजीआबांकडे बघत गप्प उभा राहिला. रावजीआबा नियमाप्रमाणे बसून राहिले. सगळा मांडव एका म्हाताऱ्याची घटका भरण्याची वाट पाहू लागला. मंचावरचा माणूस बोलत नाही, समोरचा उठत नाही, आणि हसू हळूहळू पुढच्या रांगांकडे सरकत येतं आहे, असा तो वेळ गेला.

अखेर रावजीआबा उठले. परेशनं माईक तोंडाजवळ आणला आणि नाक्यावर विचारतो त्या आवाजात विचारलं,

"लांब काय?"

कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. रावजीआबांचं उत्तर माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"लांब न्हाय रं. त्या सुरूच्या आडोशाला."

मांडव हसून कोसळला. मागच्या रांगांत माणसं खुर्च्यांच्या पाठी धरून हसत होती. पुढच्या रांगेतल्या पुण्याच्या बाईंना शेजारणीनं सगळा नियम समजावून सांगितला, आणि मग त्याही हसल्या, जरा उशिरा आणि त्यामुळे जास्त वेळ.

यापुढची वीस-पंचवीस मिनिटं परेश मालवणीचा एक शब्दही बोलला नाही. त्यानं आपली रिक्षा किश्श्यांतून मंचावर आणली. "रिक्षावाल्यानं कुटं इचारायचं न्हाय, मंग न्यायचं कुटं? आमच्या नाक्यावर गिऱ्हाईक बसतंय, आनि आमी दोगं बी गप. त्याला वाटतं मला ठावं हाय, मला वाटतं त्यो सांगंल. बोर्लीला तीन फेऱ्या झाल्या, की त्यो म्हनतो, लांब न्हाय हां." फाटका आवाज या बोलीला बाधत नव्हता. बांधावरून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो.

मग तो स्वतःवर आला.

"माझं आयुष्य बी त्याच्यातच गेलं. वीस वर्सामागं, मुंबईला जायाच्या आदी, रोह्याला कारखान्यात मुलाखत व्हती. कपाळाला कुंकू, हातावर दही. उंबऱ्याच्या भाईर पाय टाकतोय, तर हिकडून पान्याला चालली नीराकाकी. ती हितंच बसलीय बगा. म्हनली, परशा, कुटं रं?"

बायकांच्या रांगा वाक्य संपायच्या आत हसल्या.

"आय म्हनली, बस. बसलो. पानी पी. प्यालो. निंगालो, तर एसटी गेली. नोकरी गेली. न्हायतर आज मी सुपरवायझर असतो. एसीत बसलो असतो आनि तुमी तुमच्या घरी सुखात असता. तुमाला ह्ये जे भोगावं लागतंय, त्ये हिच्यामुळं."

नीराबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांना माईकची गरज नव्हती.

"खोटं बोलतोय. म्हनं मालवनकर. कसला मालवनकर, शिगवनांचा परशा हाय ह्यो. मी लांब काय असंच इचारलं व्हतं. ह्यालाच जायाचं नव्हतं."

हशा थांबेना. परेश हात वर करून मांडवाला शांत करू पाहत होता. तेवढ्यात सोनाबाई बसल्या जागेवरून बोलल्या, मुलाकडे न बघता, जणू घरातच.

"रातभर नकला करीत बसलेला. उठायलाच उशीर झाला. मी कुंकू लावलं तवा एसटी कवाच गेलेली व्हती."

परेश माईक धरून उभा राहिला. ही माहिती त्याला नवी होती. हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते सोंग नव्हतं म्हणून लोक अधिकच हसले.

"आये, वीस वर्सं मी ह्या बाईला बोल लावतोय. आज सांगतेस?"

"तू कदी इचारलंस?"

परेशनं मंचावरून नीराबाईंच्या दिशेनं कोपरापासून हात जोडले. नीराबाईंनी मान डावीकडे वळवली. माफी अजून मंजूर नव्हती, हे मांडवानं टाळ्यांनी नोंदवलं.

टेम्पो आला होता. बाल्या नाचाचं पथक पायांत चाळ बांधून विंगेत उभं होतं. त्यातले दोघं आत न जाता पडद्याच्या कडेनं परेशकडेच बघत होते. स्वप्निलनं वेळ संपल्याची खूण केली. परेशनं लोकांचे आभार मानले, माईक खाली ठेवला आणि पायऱ्यांकडे वळला.

मागून एका बाईनं हाक दिली, "कुटं रं?"

परेश थबकला. दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी ओरडलं, "कुटं?" मग डावी बाजू, मग उजवी, आणि मग सगळा मांडव. दिवेआगर, बोर्ली, वडवली, आतल्या वाड्या, सगळे मिळून एका माणसाला विचारू लागले, कुटं, कुटं. निघालेल्याला अडवायचा या भागात याहून खात्रीचा उपाय नाही.

नियम नियम असतो. परेश परत आला. मंचाच्या कडेला पाय सोडून बसला. नीराबाईंची बाटली हातोहात पुढे आली. तो पाणी प्याला, आणि घटका भरेपर्यंत आणखी एक किस्सा सांगणं भाग पडलं. विंगेतल्या चाळ बांधलेल्या माणसांनीही तो ऐकला.

कार्यक्रमानंतर गौरी त्याला रिक्षापाशी गाठायला आली.

"उद्या अर्धा तास तुमचा. मधला नाही, पूर्ण. ढोल-ताशा नंतर."

"समितीला विचारलंत?"

"समिती पहिल्या रांगेतच होती. अध्यक्ष अजून आत बसलेत. त्यांना उठताना कुणीतरी विचारलंय म्हणे."

परेश हसला. आवाज फुटला नाही, फक्त खांदे हलले. त्यानं खिशातून सुंठेचा खडा काढून दाढेखाली धरला. "ताई, एक आहे. उद्याचं काही लिहून ठेवलेलं नाही माझ्याकडे."

"आजचं तरी कुठं होतं?"

परतीच्या वाटेवर सोनाबाईंना डुलकी लागली. रावजीआबांनी आज लोक का हसत होते, असं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा नीराबाईंनी त्यांना वेगळं कारण सांगितलं. वाडीच्या वळणावर नीराबाईंनी परेशच्या खांद्यावर बोट टोचलं.

"उद्या बी माझं नाव घेनार हायस?"

"घेऊ नको काय, काकी?"

"घे की. मंग मी पुढच्या रांगंत बसते. आनि ती एसटी कवा गेली त्ये बरोबर सांग. सोनीचं ऐकू नको. ती बी तवा झोपलेलीच व्हती."

वाडीवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. टेम्पोत न मावणारी माणसं आता रिक्षा मागत होती. साक्षीनं जेवणाचं ताट वाढलं आणि उद्या किती जण, असं विचारलं. परेशनं बोटांनी दाखवलं आणि दोन्ही हातांची बोटं पुरेनात तेव्हा हात खाली ठेवले.

उद्याची ध्वनिचाचणी दुपारी साडेचारला आहे. त्याआधी वाडीवरून दिवेआगरला रिक्षाच्या तीन खेपा करायच्या आहेत.